विश्लेषण : मुलाला शाळेतच ‘टाकायला’ हवे का? होमस्कूलिंग, कायदा आणि दादरचा जुना प्रयोग

दादर, परळ, लालबाग, गिरगाव या पट्ट्यात मूल अडीच वर्षांचे झाले की आईला एकच प्रश्न विचारला जातो, ‘कुठे टाकलंत?’ मासळी बाजारात, लग्नाच्या हॉलमध्ये, लिफ्टमध्येही. उत्तरात शाळेचे नाव अपेक्षित असते. ‘अजून कुठेच नाही’ हे उत्तर लोक कसेबसे चालवून घेतात. ‘घरीच शिकवणार आहोत’ म्हटले की समोरचा माणूस आधी आईकडे आणि मग मुलाकडे बघतो.

हे विश्लेषण लिहिण्याचे कारण घरातलेच आहे. माझी ताई परळला राहते. तिचा मुलगा साडेचार वर्षांचा. त्याच्या बालवाडीने कळवले की तो ओळीत लिहीत नाही, एका जागी बसत नाही. हाच मुलगा घराखालून जाणाऱ्या बेस्टच्या सगळ्या बसचे क्रमांक लांबून ओळखतो आणि कुठली बस उशिरा आली तेही सांगतो. ताईने मला फोन केला, ‘तू पेपरात आहेस, इंजिनीअर आहेस, नीट शोधून सांग. याला शाळेतून काढलं तर पोलीस येतील का?’ पोलीस येणार नाहीत, एवढे मला माहीत होते. बाकीचे उत्तर वाटले त्यापेक्षा लांबलचक निघाले.

होमस्कूलिंग म्हणजे घरची शिकवणी का?

तसे ते असू शकते. काही घरांत शाळेचेच वेळापत्रक स्वयंपाकघराच्या टेबलावर येते. सकाळी गणित, मग भाषा, मधली सुट्टी, शुक्रवारी चाचणी. शिक्षिका तेवढी बदलते. पण गेल्या काही वर्षांत शहरी पालकांत ज्याची चर्चा जास्त होते, तो प्रकार वेगळा आहे. त्यात काय शिकायचे आणि कधी, हे मूल ठरवते. मोठ्यांचे काम शिकवण्यापेक्षा बघण्याचे असते. मूल कशात रमले आहे ते ओळखायचे, त्याला लागणारे साहित्य हाताशी ठेवायचे, विचारल्यावर मदत करायची आणि न विचारता मध्ये पडायचे नाही. या मार्गाचे टोक म्हणजे ‘अनस्कूलिंग’. हा शब्द अमेरिकी शिक्षक जॉन होल्ट यांनी रूढ केला. शाळा सुधारण्याची आशा सोडून त्यांनी १९७७ मध्ये शाळेविना शिकणाऱ्या कुटुंबांसाठी एक नियतकालिक सुरू केले होते.

ऐकायला हे सोपे वाटते. ‘मुलाला मोकळे सोडा’ एवढाच त्याचा अर्थ असता तर उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण सगळेच विद्वान झालो असतो. प्रत्यक्षात मूल ज्या गोष्टीपाशी थांबते, तिथे मोठ्या माणसालाही थांबावे लागते. लालबागमध्ये एप्रिल-मेमध्ये मसाल्याची खरेदी चालते. घरातले कोणी मिरची घ्यायला निघाले की पाच वर्षांचे मूल सोबत येते. बेडगी किती, संकेश्वरी किती, धणे किती, हे तिथे किलोत आणि पावकिलोत ठरते. घरून नेलेली यादी, दुकानदाराचा वजनकाटा, डंकावर कुटून आलेल्या मसाल्याचे घरी परत केलेले वजन, ‘थोडा कमी का भरला?’ हा प्रश्न. यात वाचन आहे, अपूर्णांक आहे, वजाबाकीही आहे. गणपतीच्या आधी परळ-लालबागच्या मूर्तिशाळांत शाडूच्या मातीत किती पाणी घालायचे हे बघणे किंवा दादरच्या फुलबाजारात झेंडू किलोवर आणि गुलाब जुडीने का विकतात हे विचारणे, तेही शिक्षणच. मात्र मूल कंटाळून ‘घरी चल’ म्हणाले तर धडा अर्धा सोडून निघायची तयारी लागते. आपल्यापैकी बहुतेकांना हेच सर्वांत अवघड जाते.

यात दादरचा संबंध कुठे येतो?

मुलाच्या कलाने शिकवणे ही इंटरनेटवरून आलेली नवी फॅशन आहे, असे अनेकांना वाटते. दादरच्या हिंदू कॉलनीत हे १९३६ मध्येच सुरू झाले होते.

त्याआधीची गोष्ट भावनगरची. गिजुभाई बधेका हे वकील. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि याला चांगले शिक्षण कुठे मिळेल, हा प्रश्न त्यांना पडला. आजच्या भाषेत ‘कुठे टाकायचं?’ त्यांच्या हाती मारिया माँटेसरींची पुस्तके आली. वकिली सुटली आणि १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उभे राहिले. मुंबईत जन्मलेल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत कामाला लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईत परतल्या आणि त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. तिथे मुलांना मार नव्हता, भीती नव्हती, बक्षिसाचे आमिषही नव्हते. मुले आपल्या आवडीचे काम निवडत. शिक्षिकांना शिकवण्याइतकेच निरीक्षणाचेही प्रशिक्षण दिले जाई आणि ते मराठीतून. ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक पालकांशी बोलत असे, कारण घरी धपाटा मिळणार असेल तर शाळेतल्या मोकळेपणाचा उपयोग नाही, हे या मंडळींना पक्के ठाऊक होते.

माँटेसरींची स्वतःची सुरुवातही गिरणगावाला ओळखीची वाटेल अशा जागी झाली. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेंझो या कामगार वस्तीत पहिले ‘बालगृह’ उघडले. आईवडील कामावर गेले की मुले जिन्यात धुडगूस घालत, भिंती खराब करत, म्हणून इमारतीच्या मालकांनाच ही मुले कुठेतरी बसवायची होती. आज ‘माँटेसरी’ हा शब्द मुंबईत वातानुकूलित वर्ग आणि लाखाच्या घरातल्या फीशी जोडला गेला आहे. त्याचा जन्म मात्र चाळीसारख्याच इमारतीत झाला.

ताराबाईंच्या कामातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग दादरनंतर येतो. शहरातल्या सुशिक्षित घरांतल्या मुलांपुरते हे शिक्षण राहणार असेल तर त्याचा अर्थ काय, या प्रश्नाने त्या १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांना आंघोळ घालायची, नखे काढायची, मग गोष्ट सांगायची. त्यातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आणि ती कल्पना आकाराला आली. १९७५ मध्ये केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि हा शब्द देशभर गेला. माँटेसरीचे महागडे साहित्य परवडणारे नव्हते, म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने वापरली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले. ती कुरणशाळा. मूल जिथे आहे आणि जे करते आहे तिथून शिक्षण सुरू करायचे, ही कल्पना त्यांनी शब्दशः अमलात आणली. त्यांनी शाळा नाकारली नाही, तिची भिंत तेवढी काढून टाकली. आजच्या होमस्कूलिंगच्या चर्चेत हा फरक अनेकदा हरवतो.

कायदा काय सांगतो?

आधी ताईला दिलासा देणारी गोष्ट. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि तो ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. म्हणजे नर्सरी, ज्युनियर केजी, सीनियर केजी यांपैकी काहीही सक्तीचे नाही. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाने ६ वर्षे पूर्ण केलेली असावीत, असा नियम आहे. नव्या शैक्षणिक धोरणानेही ३ ते ८ हा ‘पायाभूत टप्पा’ मानून त्यात खेळावर भर द्यायला सांगितले आहे. साडेचार वर्षांच्या मुलाने चार ओळी लिहिल्याच पाहिजेत, अशी सक्ती या कायद्यात नाही आणि धोरणाचा सूरही तसा नाही. तरीही सहा वर्षांच्या आतल्या मुलाला घरी ठेवणाऱ्या आईला आपण काहीतरी बेकायदा करतो आहोत असे वाटते, हे खासगी पूर्वप्राथमिक बाजाराचे मोठे यश म्हणावे लागेल.

सहाव्या वर्षानंतर चित्र धूसर होते. कायद्याचे कलम १० म्हणते की मुलाला परिसरातील शाळेत प्राथमिक शिक्षणासाठी दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. राज्यघटनेच्या मूलभूत कर्तव्यांत, कलम ५१-क मध्ये, भाषा थोडी वेगळी आहे. तिथे ६ ते १४ वयाच्या मुलाला ‘शिक्षणाच्या संधी’ देण्याचे कर्तव्य सांगितले आहे. घरी शिकवणारे पालक या दुसऱ्या वाक्याचा आधार घेतात. दिल्ली उच्च न्यायालयात हा विषय गेला तेव्हा केंद्र सरकारने २०१२ मध्ये आधी सांगितले की हा कायदा स्वेच्छेने होमस्कूलिंग करणाऱ्यांच्या आड येत नाही, आणि नंतर ती भूमिका मागे घेतली. त्यामुळे होमस्कूलिंगला स्पष्ट परवानगी देणारी तरतूद आज नाही. दुसरीकडे, या कायद्यात कलम १० न पाळणाऱ्या पालकांसाठी शिक्षेची तरतूदही नाही. या मधल्या जागेत देशभरातली कुटुंबे मुलांना घरी शिकवत आहेत. ‘स्वशिक्षण’ नावाची त्यांची एक संघटनाही आहे. सरकारी यंत्रणेच्या लेखी मात्र हे मूल ‘शाळाबाह्य’ ठरू शकते. शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण करायला आलेल्या शिक्षकाच्या फॉर्मवर ‘घरी शिकतो’ असा वेगळा रकाना नसतो.

परदेशात गेलेल्या मराठी कुटुंबांना यातली दोन टोके दिसतात. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत घरी शिकवणे कायदेशीर आहे, नियम तेवढे वेगवेगळे. जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचे आहे आणि तिथे मुलाला घरी ठेवणाऱ्या पालकांवर खरोखर कारवाई होते. आपण या दोन्हींच्या मध्ये आहोत, तेही ठरवून नव्हे.

मग दादरची मालविका एमआयटीत कशी पोहोचली?

होमस्कूलिंगचा विषय निघाला की मुंबईत हे नाव येतेच. मालविका राज जोशी दादर पारसी यूथ असेंब्ली शाळेत शिकत होती. सातवीच्या सुमारास आईने तिला शाळेतून काढले, स्वतःची नोकरी सोडली आणि घरीच अभ्यासक्रम आखला. वेगवेगळे विषय हाताळताना मालविका प्रोग्रॅमिंगमध्ये रमली आणि त्यालाच जास्त वेळ देऊ लागली. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिने दोन रौप्य आणि एक कांस्य पदक मिळवले. २०१६ मध्ये, १७ व्या वर्षी, तिला अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला. हातात दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसताना.

या बातमीचा अर्धाच भाग जास्त फिरला. उरलेला भाग असा की त्याच कारणामुळे तिच्यासाठी आयआयटीचे दार बंद होते. तिथे बारावी लागते. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने मात्र तिची तयारी पाहून तिला शिकायला जागा दिली. म्हणजे ज्या देशात तिने प्रमाणपत्राशिवाय शिकून दाखवले, तिथल्या बहुतेक संस्थांना तिचे शिक्षण मोजायची पद्धतच नव्हती. मी इंजिनीअरिंग केले आहे, त्यामुळे एक सवय लागली आहे. एका नमुन्यावरून आलेख काढू नये. ऑलिंपियाडचे पदक हा घरी शिकण्याचा नेहमीचा निकाल नव्हे, आणि मूल घरी ठेवायचे तर ते असामान्यच निघाले पाहिजे, ही अट मुलावर लादणे हा शाळेपेक्षा मोठा ताण आहे.

परीक्षा आणि कागद यांचे काय?

मार्ग आहेत, पण ते आधीच माहीत असायला हवेत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर दहावीची परीक्षा देता येते. आधी शाळेत गेल्याचा दाखला नसला तरी स्वयंघोषणापत्र चालते. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळातून पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या परीक्षा देता येतात. पाचवीसाठी १० आणि आठवीसाठी १३ वर्षे पूर्ण असावी लागतात. राज्य मंडळाचा सर्वांच्या ओळखीचा १७ नंबरचा फॉर्म मात्र मूळ शाळा सोडल्याचा दाखला मागतो. जे मूल कधी शाळेत गेलेच नाही त्याला तो भरताना अडचण येते.

या दाखल्यापाशी जरा थांबायला हवे. महाराष्ट्रात शाळा सोडल्याचा दाखला हा फक्त शिक्षणाचा कागद नसतो. त्यावर जन्मस्थळ असते, जात असते. जातीचा दाखला, पडताळणी, अधिवास अशा प्रत्येक टेबलावर तो मागितला जातो. खुल्या प्रवर्गातल्या, पासपोर्ट हाताशी असलेल्या कुटुंबासाठी शाळा सोडणे हा शैक्षणिक निर्णय असेल. ज्यांच्या घरात आरक्षणामुळे पहिल्यांदा कुणीतरी पदवीपर्यंत पोहोचले, त्यांच्यासाठी तो दोन पिढ्यांनी जमवलेल्या फाइलमधला एक कागद कमी होणे आहे. तसेच २५ टक्के राखीव जागांचे. शिक्षण हक्क कायद्यातून खासगी शाळेत मिळणारी ही जागा प्रवेशाच्या पहिल्याच वर्गाला मिळते. तो वर्ष गेला की जागा गेली.

परतीची वाट मात्र कायद्याने उघडी ठेवली आहे. कलम ४ नुसार शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा लागतो. आठ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवायचे नाही. महापालिकेच्या शाळेत हे तुलनेने सहज होते. नावाजलेल्या खासगी शाळेत मधल्या इयत्तेत जागा असणे हाच मोठा प्रश्न.

वाचन उशिरा आले तर?

मुलाच्या कलाने जाणाऱ्या घरांत सर्वांत मोठी धास्ती हीच. कुणी चौथ्या वर्षी वाचते, कुणी सातव्या-आठव्या. फिनलंडमध्ये शाळाच सातव्या वर्षी सुरू होते, हे उदाहरण होमस्कूलिंगवाले आवर्जून देतात आणि ते खरे आहे. पण ‘वेळ आली की वाचेल’ या वाक्यामागे डिस्लेक्सिया लपू शकतो. वर्गात चाळीस मुले पाहणाऱ्या बाईंना एखादे मूल वेगळे अडखळते आहे हे लवकर दिसते. घरात तुलनेला कुणी नसते. अशा तपासणीत शिक्षकांचा अभिप्रायही महत्त्वाचा असतो. सायनच्या महापालिका रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. अक्षरे सतत उलटी होत असतील, यमक ओळखता येत नसेल, घरात कुणाला हा त्रास असेल तर वाट बघण्यापेक्षा तिथे जाऊन यावे. मुलाचे निरीक्षण करायचे म्हटल्यावर त्यात हेही आले.

हे परवडते कोणाला?

मुलाच्या कलाने शिकणे म्हणजे मोठ्या माणसाचा अख्खा दिवस. ऐकू येणाऱ्या जवळपास प्रत्येक उदाहरणात नोकरी सोडणारी व्यक्ती आई असते. ‘बालकेंद्री’ शब्दाच्या मागे हा हिशेब झाकला जातो. ताईचे घर दोन पगारांवर चालते. एक पगार गेला तर शाळेची फी वाचूनही हप्ता भरता येणार नाही, हे तिने पहिल्याच रात्री कागदावर मांडले होते.

‘मुलांत मिसळणार कसा?’ हा प्रश्नही सगळे विचारतात. पूर्वी त्याचे उत्तर चाळीची गॅलरी होती. संध्याकाळी दार उघडले की दहा मुले बाहेर असत आणि कुणाच्याही घरात जेवून येता येई. पुनर्विकासानंतर टॉवरमध्ये गेलेल्या मुलाला खेळायला जायचे तर आधी फोन करावा लागतो. शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब आहे, वाचनालये आहेत, राणीची बाग आहे, वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र आहे. शहर अपुरे नाही. पण मंगळवारी सकाळी अकरा वाजता या जागी समवयस्क मूल शोधून दाखवा. ती सगळी शाळेत असतात. म्हणून घरी शिकवणारी कुटुंबे एकमेकांना शोधत शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातात, आणि त्यालाही वेळ आणि पैसा लागतो.

ताईने काय ठरवले?

बालवाडीतून तिने त्याला काढले. कायद्याने ती मोकळी आहे. दुपारी आजी असते, सकाळी ताई कामाचे तास बदलून घरी थांबते. सहा वर्षांचा झाला की पहिलीत घालायचे, शाळा मात्र जवळची आणि मोठे पटांगण असलेली बघायची. दाखला हवा, मित्र हवेत आणि तिची नोकरीही हवी. सव्वा वर्ष हातात आहे. तेवढ्यापुरती तिने दोनशे पानी वही केली आहे. त्यात तो काय विचारतो ते ती तारीख घालून लिहिते. स्वतः तो अजून ओळीत लिहीत नाही. पण वहीच्या शेवटच्या पानावर त्याने बसचे क्रमांक काढायला सुरुवात केली आहे, त्यातला सात उलटा.

गेल्या आठवड्यातला प्रश्न तिने फोटो काढून मला पाठवला, ‘दोन मजली बस वळताना पडत का नाही?’ खाली लिहिले होते, ‘हे तुझ्याकडे.’ गुरुत्वमध्य साडेचार वर्षांच्या मुलाला कसा सांगायचा, हे चार वर्षांच्या इंजिनीअरिंगमध्ये कुणी शिकवले नाही. रविवारी सीएसएमटीहून वरच्या मजल्यावरची पुढची सीट पकडायची, एवढे तूर्त ठरले आहे.